कुंडीतली काडी

मधल्याने ऑर्किडचं खालचं पान दोन बोटांत धरून उचललं आणि सोडून दिलं. पान लोंबकळलं. तो विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करत असे. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, ठोकलेल्या गाड्या यांतच त्याची नोकरी सरत आली होती. त्यामुळे कुठल्याही मोडक्या वस्तूला हात लावला की त्याच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न उमटे तो एकच : जबाबदार कोण?

"मी काही बोलत नाही, ताई," तो म्हणाला. "तूच बघ."

थोरली बघतच होती. गेले कित्येक आठवडे ती रोज बघत होती. ज्या ऑर्किडला घरात सगळे पांढरी म्हणत, त्याची पानं एके काळी इतकी जाड आणि ताठ असत की धूळ पुसताना हाताला बरं वाटे. आता ती जुन्या चामडी पाकिटासारखी सुरकुतली होती. फुलांचा दांडा वाळून काटकी झाला होता. सार्वजनिक बागेतलं काचघर पाडलं, तेव्हा अण्णांनी तिथून घरी आणलेलं हे एकमेव झाड. तेवीस जातींची ऑर्किडं दुसऱ्यांच्या हवाली करून आलेला मुख्य माळी त्या दिवशी ही एक कुंडी छातीशी धरून दारात उभा राहिला होता, आणि आईने काही न बोलता खिडकीची कड रिकामी करून दिली होती. आई गेली त्या वर्षीही पांढरी फुलली होती.

"बोलत नाही म्हणतोस आणि बोलतोयस," थोरली म्हणाली.

"मग बोलतोच. ज्या घरात एका झाडाला वेळेवर पाणी मिळत नाही, त्या घरात अण्णांना..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. अर्धं वाक्य टाकून उरलेलं समोरच्याला मनात पुरं करायला लावायचं, ही आईची खोड तिन्ही मुलांत त्याच्याच वाट्याला आली होती.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. आज माणसं येणार म्हणून थोरलीने सकाळीच सगळं करून ठेवलं होतं. "तो बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "पाणी नाही मिळत तिला. मी सांगून सांगून थकलो."

"बघ," मधला म्हणाला.

थोरलीने छोटीकडे पाहिलं. धाकटी बहीण दिवाणाच्या कडेवर, आल्या पावली निघायचं असल्यासारखी बसली होती. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहणारी ही मुलगी बसली की पाय चोळत असे. काल फोनवर तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, ताई, मी तुझ्या बाजूने आहे, दादाला मी बघते. आत्ता ती पायच चोळत होती.

"छोटे, तू काही बोलणार आहेस का?"

"मी काय बोलू? पानं तर खरंच सुकलीयेत, ताई."

एकूण प्रकरण असं होतं. शहराबाहेरच्या वृद्धांच्या संस्थेत एक खोली रिकामी झाली होती. मधल्याने नाव आधीच घालून ठेवलं होतं, थोरलीला न विचारता, आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं. संस्थेच्या ऑफिसला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर खोली पुढच्या नावाला. मधल्याचं म्हणणं, थोरली अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाते, तेवढा वेळ अण्णा एकटे असतात, आणि तिचीही आता पन्नाशी उलटली. थोरलीचं म्हणणं, अण्णांना काही झालेलं नाही, म्हातारपण आहे, एवढंच. ती जन्मभर या घरात राहिली होती. लग्न ठरून मोडलं तेव्हा, आई अंथरुणाला खिळली तेव्हा, आणि नंतरही. अण्णा गेले तर या घरात ती कुणाची कोण, हा प्रश्न तिने कधी मोठ्याने विचारला नव्हता. पण तिला वाटत होतं, आज तो भिंतींनाही ऐकू जातोय.

"मी रोज पाणी देते तिला," ती म्हणाली.

"रोज?" मधल्याने भुवया उंचावल्या. "मग हे काय आहे? नवीन जात निघाली का, पाणी पिऊन सुकणारी?"

छोटीला हसू आलं आणि तिने ते गिळलं. कोपऱ्यात उभी असलेली भावजय मात्र हसली नाही. मधल्याची बायको अशा बैठकांत सहसा बोलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी या घरात एकदा खरं बोलून बघितलं होतं तिने, आणि त्याचं काय झालं ते ती विसरली नव्हती. ती मुलांना पोहायला शिकवायची. कोणाचं डोकं पाण्यावर आहे आणि कोणाचं नाही, एवढं गर्दीतही तिला दिसे.

"काडी कुठाय?" मधल्याने कुंडीत डोकावून विचारलं.

काडी म्हणजे काचघरातली पद्धत. कुंडीला पाणी दिलं की कडेला बांबूची एक काडी खोचायची. काडी दिसली की त्या कुंडीला कुणी पाणी द्यायचं नाही. रोज सकाळी अण्णा एकेक कुंडी हातात उचलून तिचं वजन बघत, हलकी लागली की काडी काढून घेत. काडी नाही म्हणजे पाणी द्या. काडी कुणीही खोचावी, काढायची मात्र अण्णांनीच. हाताखालच्या एका माणसाने स्वतःच्या अकलेने काडी काढली, तेव्हा अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर अशी समज दिली होती की तो पुढे बरेच दिवस काडीकडे बघतच नसे. घरीही तोच कायदा. शाळेत जाताना तिन्ही मुलं खिडकीकडे नजर टाकत, काडी नसेल तर ज्याची पाळी तो पाणी घाली. कुणी कधी कुंडी उचलून खात्री करून घेतली नाही. अण्णांनी काढलीय म्हटल्यावर खात्री कसली करायची?

"काडी काढलीय," मधला म्हणाला. "म्हणजे अण्णांनी पाणी मागितलंय आणि ते अजून मिळालेलं नाही. सरळ आहे."

थोरलीने आतून जुनी वर्तमानपत्रं आणली, जेवायच्या टेबलावर पसरली, खिडकीतली कुंडी उचलून त्यावर ठेवली. उचलताना कुंडी जड लागली. ती नेहमीच जड लागायची.

"काय करतेस?" छोटीने विचारलं.

"उघडते. एकदा काय ते कळू दे सगळ्यांना."

"झाड दुखावेल, ताई."

"दुखावलंयच ते."

तिने कुंडी आडवी केली, बाजू दाबल्या, तळाशी थापटलं. झाड सुटून येताच खोलीत वास सुटला. कुबट, गोडसर, बंद गटारासारखा. कुंडीत जिथे झाडाच्या सालीचे तुकडे असायला हवे होते, तिथे काळा लगदा होता. वर्तमानपत्रावर त्याचं पाणी पसरलं आणि एका नेत्याचा फोटो त्यात बुडाला. मुळांना बोट लावलं की त्यांचं वरचं कातडं सरकन निघून येई, आतली दोऱ्यासारखी शीर तेवढी हातात राही.

मग मधला पुढे झाला, वाकला, वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा भाऊ मावळला आणि पाहणी करणारा उरला.

"हे सुकलेलं नाही," तो म्हणाला. "हे बुडालंय. ओली गोदामं रोज बघतो मी, हा वास मला कळतो. मुळंच कुजली, मग पाणी वर चढणार कशातून? वरून तहानलेलं दिसतं, म्हणून माणूस आणखी ओततो." तो थांबला. स्वतःचंच वाक्य त्याला आवडलं नसावं. "सॉरी, ताई. मी चुकीचं बोललो."

भावाने बहिणीची माफी मागावी असा प्रसंग या घरात विरळा. थोरलीला तो दोन श्वासही उपभोगता आला नाही. कारण मधल्याच्या तोंडून पुढचा प्रश्न सवयीने आलाच.

"पण एवढं पाणी घातलं कुणी?"

थोरलीला त्याच क्षणी सगळं समजलं. खरं तर समजलेलं होतंच, फक्त आता त्याच्याकडे पाठ करून उभं राहायला जागा उरली नव्हती. दुपारी ती दुकानातून यायची तेव्हा काडी काढलेली असायची. ती पाणी घालायची, काडी खोचायची. चहा करून बाहेर यावं तर काडी पुन्हा काढलेली. अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसलेले. कधी कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली, कधी खिडकीच्या कडेवरून भिंतीवर ओघळ. तिच्या हाताला कुंडी जड लागत होती. पण काडी काढलेली होती. आणि काडी चुकली म्हणायचं, तर मग आणखी कायकाय चुकलंय तेही म्हणावं लागलं असतं.

"मीच," ती म्हणाली. "विसरते मी हल्ली. एकदा घातलं की पुन्हा घालते. डोक्याला कामं थोडी आहेत का?"

"दिवसातून दोनदा?" छोटीचा आवाज चढला. "ताई, लहानपणापासून या घरात आहेस तू. काडी कशाला असते मग?"

"चुकलं म्हटलं ना."

"चुकलं काय? औषधं कोण देतं अण्णांना? तूच ना? तीही दोनदा देतेस की काय?"

काल फोनवर बाजू घेणारी ती हीच. उत्तर आलं ते भलतीकडून.

"मीपण घातलं होतं," भावजय कोपऱ्यातून म्हणाली. "मागच्या खेपेला. पानं मलूल दिसली म्हणून. बरंच घातलं."

मधल्याने वळून बायकोकडे बघितलं. "तू? तुला तर कॅक्टससुद्धा जगवता येत नाही."

"म्हणूनच तर," ती शांतपणे म्हणाली.

थोरली आणि भावजय यांची नजर क्षणभर भेटली. एवढ्या वर्षांत त्या दोघींमध्ये सणकून भांडणही कधी झालं नव्हतं, इतकं अंतर होतं. थोरलीला कळेना, ही माझ्या बाजूला कधी आली, आणि का.

"भांडण झालं असेल तर कात्री द्या," अण्णा म्हणाले.

ते उठून टेबलाशी आले होते. आवाज वेगळाच होता, काचघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा तो. सगळे नकळत बाजूला सरकले.

"ही नाही. शिवणाची नको, टोकाची दे. आणि पुसून दे. मागच्या झाडाचा रोग पुढच्याला पोचवायचाय का?"

छोटीने पर्समधून स्पिरिट लावलेले कापसाचे बोळे काढले. ती सोबत काय काय घेऊन फिरे याची घरात नेहमी थट्टा व्हायची. आज कुणी केली नाही. अण्णांनी कात्रीची पाती पुसली, झाड डाव्या तळहातावर पालथं घेतलं आणि कामाला लागले.

एकेक मूळ ते बोटांनी दाबून बघत. मऊ लागलं की कापत, कडक लागलं की सोडत. जुना लगदा नळाच्या बारीक धारेखाली धुवून काढला, तोही मुळांपुरता. वरच्या पानांच्या बेचक्यात पाण्याचा थेंब गेला तर तो कागदाच्या टोकाने टिपून घेतला. "इथे पाणी साचलं की गाभा कुजतो," ते कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले. कापून झाल्यावर हिरवट पांढरी, जिवंत अशी मुळं अगदी मोजकी राहिली. एवढ्या मोठ्या झाडाला तेवढाच आधार. अण्णांनी स्वयंपाकघरातून दालचिनीची पूड मागवली आणि कापलेल्या टोकांना बोटाने लावली, जखमेला लावावी तशी.

"जगेल?" मधल्याने विचारलं. त्याचाही आवाज लहान झाला होता.

"ही पानं आता ताठ होणार नाहीत. सुरकुती पडली ती पडली. वरून नवीन पान येतं का बघायचं. आलं तर जगली."

माळ्यावर सालीच्या तुकड्यांची पिशवी होती, मधल्याने स्टूल लावून ती काढली. आधीची कुंडी अण्णांनी बाजूला सारली. "एवढ्याशा मुळांना एवढं घर कशाला? कोरडंच व्हायचं नाही ते." त्यांनी दह्याच्या मडक्याएवढी छोटी कुंडी निवडली, तळाला भोकं आहेत ना हे प्रकाशाकडे धरून बघितलं, झाड मधोमध धरून भोवती साल भरली, मग कुंडीच्या बाजूंना हलकेच टिचक्या मारल्या. साल खाली बसली. झाड डगमगू नये म्हणून एका काठीला सैल बांधलं. पाणी भरलेल्या पसरट ताटात गोटे टाकून कुंडी त्या गोट्यांवर ठेवली, पाण्याला न टेकता, म्हणजे भोवतालची हवा तेवढी दमट राहील.

थोरली बघत राहिली. हे हात काहीच विसरलेले नव्हते. तिच्या मनात आलं, कदाचित मीच जास्त घाबरले. कदाचित हे एवढंच आहे, कधी असतं, कधी नसतं.

"आता ऐका," अण्णा म्हणाले आणि त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "पाणी नाही. काही दिवस अजिबात नाही. जखमा वाळू देत. कुणी दयेपोटी एक थेंब टाकलात तर गाठ माझ्याशी आहे. ऐकलंस ना गं?"

"ऐकलं, अण्णा."

"ही ऐकत नाही," ते मधल्याला म्हणाले. "लहानपणापासून. हो हो म्हणते आणि करायचं तेच करते."

सगळे हसले. छोटीही. मधल्याने डोळे पुसले, हसून पाणी आलं होतं की आणखी कशाने ते कळलं नाही. त्याने अण्णांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि थोरलीकडे वळला.

"राहू दे ताई. संस्थेला नको म्हणून कळवतो. हे असं तिथे कोण करू देणार त्यांना? पण एक बाई ठेव तू, दिवसाची. ते मी बघतो."

थोरलीने मान हलवली.

"मी चहा टाकते," भावजय म्हणाली आणि आत गेली.

थोरलीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ती जवळजवळ धावली. पण भावजय शेगडीसमोर उभी होती, भांडं हातात घेऊन.

"शेगडीची बटणं कुठेत?" तिने विचारलं.

थोरलीने दारामागे अडकवलेली आपली पर्स काढली, तळाशी हात घातला आणि दोन्ही बटणं ओट्यावर ठेवली. चष्म्याच्या काचा पुसायचा कपडा त्यांना गुंडाळलेला होता.

"दुकानात घेऊन जातेस?"

"हो."

"कधीपासून?"

थोरलीने बटण दांडीवर बसवलं, गॅस पेटवला. "तुला कसं कळलं? बाहेर तू जे बोललीस ते."

"आल्या आल्या अण्णांनी माझा हात हातात घेतला ना, तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती. तुझी कोरडी होती." तिने पाणी मोजून भांड्यात ओतलं. "मग खिडकीखालची भिंत बघितली. मला वाटलं, तू सांगशील. तू नाही सांगितलंस."

"तू सांगणार आहेस का त्याला?"

"मी या घरात कधी काय सांगितलंय?" ती म्हणाली. त्यात टोमणा होता, पण जुना, धार गेलेला. "पण ताई, एक विचारू? बटणं तू पर्समध्ये नेशील. नळ कसा नेणार? दार कसं नेणार?"

"दाराला बाहेरून कडी लावते मी."

हे ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. स्वयंपाकघरात ते शब्द उच्चारले गेले आणि तिथेच राहिले. चहा उकळला. भावजयीने गॅस बारीक केला. ती थोरलीकडे बघत नव्हती, आणि तेवढ्यासाठी थोरली तिची ऋणी होती.

"आग लागली तर?" भावजय म्हणाली.

"म्हणून तर बटणं नेते."

दोघी कप घेऊन बाहेर आल्या.

अण्णा टेबलाशी उभे होते. त्यांच्या हातात पाण्याचा जग होता आणि ते पांढरीला पाणी घालत होते. सावकाश, आवडीने, झाडाच्या ऐन गाभ्यात. साल तरंगून वर आली होती, काही तुकडे टेबलावर सांडले होते. ताट भरून वाहत होतं. छोटी तोंडावर हात धरून उभी होती. मधला खुर्चीत पुढे झुकून, हात गुडघ्यांवर ठेवून बघत होता.

"अरे, थांबव ना त्यांना!" थोरली म्हणाली.

"ते दुसऱ्यांदा उठले," मधला म्हणाला. "पहिल्यांदा घातलं, जग जागेवर ठेवला, खुर्चीत जाऊन बसले. मग मला म्हणाले, पांढरी सुकलीय, कुणी बघत नाही तिच्याकडे. आणि पुन्हा उठले. मला बघायचं होतं, म्हणून नाही थांबवलं." आयुष्यभर जे शोधायची त्याला सवय होती ते सापडलं होतं, आणि त्याचा चेहरा ते न सापडलेलं बरं असा झाला होता. "ताई, हे तू नाही केलेलंस."

टेबलावरून पाण्याची धार खाली आली आणि अण्णांच्या पायांवर पडली. त्यांनी खाली बघितलं. मग कुंडीकडे. जग खाली ठेवून त्यांनी सालीचा एक तुकडा उचलला आणि अंगठ्याने दाबला.

"साल नवीन आहे," ते म्हणाले. "आत्ताच बदललीय."

"हो, अण्णा."

"मग पाणी कुणी घातलं?"

तोच आवाज, काचघरातला. मधला म्हणाला, "असू दे हो अण्णा, त्यात काय." भावजय म्हणाली, "माझ्याच हातून सांडलं बहुतेक." छोटी रडायला लागली होती. अण्णा त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. ते थोरलीकडे बघत होते. त्यांच्या नजरेत कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. पुन्हा एकदा मीच म्हणणं सोपं होतं. दुपारभर ती तेच करत आली होती. पण तेव्हा ते खोटं भावाला सांगितलं होतं. आता ते यांच्या तोंडावर सांगायचं होतं, जेमतेम काठाला हात लागलेल्या माणसाला, काठ इथे नाही म्हणून.

"तुम्ही," ती म्हणाली.

अण्णांनी ओली बाही बघितली. "आधीचंही?"

"बरंचसं. उरलेलं मी."

"कुंडी उचलून नाही बघितलीस? जड लागली नाही?"

"लागली."

"मग?"

"काडी तुम्ही काढली होती, अण्णा."

ते सालीचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"काचघरात एकजण होता," मग ते म्हणाले. "झाडांवर जीव टाकायचा. पण घातलेलं पाणी विसरायचा. हात सुटायचा त्याचा. निम्मी झाडं कुजवली त्याने, आणि वर तोच हळहळायचा." ते थांबले, थोरलीला वाटलं, पुढचं गेलं. पण ते परत आले. "त्याला पाण्यावरून काढला मी."

"काढून टाकलंत?" छोटीने नाक ओढत विचारलं.

"कामावरून नाही. पाण्यावरून. बाहेर फाटकाशी बसवला. रोज आत डोकावायचा. काही दिवस तर ढसाढसा रडायचा."

"आणि मग?"

"मग झाडं वाचली," अण्णा म्हणाले.

त्यांनी जगाचा कान धरला आणि तो टेबलावरच्या पाण्यातून सरकवत थोरलीच्या पुढ्यात आणून ठेवला. मग खुर्चीत जाऊन बसले, हात मांडीवर, तळवे वर. थोड्या वेळाने त्यांचे डोळे खिडकीबाहेर गेले आणि तिथेच राहिले.

मधल्याने खिशातून फोन काढला. थोरलीने हात पुढे केला.

"मी करते."

"ताई, मी कळवतो ना. तू बस."

"नंबर लावून दे."

संस्थेच्या ऑफिसात एका बाईने फोन उचलला. आवाज दमलेला पण बरा होता. तिने खोली अजून आहे असं सांगितलं आणि ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. थोरली भिंतीकडे तोंड करून उत्तरं देत गेली. वय. दुखणी. झोप. जेवण स्वतःच्या हाताने? हो. कपडे? मी काढून दिले तर. लोकांना ओळखतात? बहुतेकदा. एकटं ठेवता येतं?

तिच्यामागे भावजय टेबल पुसत होती. छोटीने झाड पुन्हा कुंडीतून सोडवलं होतं आणि मोकळ्या मुळांनिशी कोरड्या कागदावर आडवं ठेवून त्याच्या गाभ्यातलं पाणी बोळ्याने टिपत होती. मधला नुसता उभा होता. सापडलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं हे त्याच्या कामात बसत नव्हतं.

"हॅलो? एकटं ठेवता येतं का त्यांना?"

"नाही," थोरली म्हणाली.

बाईने ते लिहून घेतलं असावं. मग म्हणाली, सोबत काय काय आणायला परवानगी आहे ते सांगते. अंथरूण-पांघरूण आमचं, कपडे तुमचे, रेडिओ चालेल, फोटो चालतील.

"कुंडी चालेल का? एक झाड आहे. जगलं तर."

"चालेल की. पुष्कळ जणांच्या आहेत. पाणी मात्र आमची माणसं घालतात. राहणाऱ्यांनी घालायचं नाही, असा नियम आहे. काही जणांना वाईट वाटतं त्याचं, आधीच सांगून ठेवते."

थोरलीने मागे वळून बघितलं. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि टेबलाकडे बघत जगासाठी हात पुढे करत होते. मधल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच खाली बसवलं.

"चालेल," ती फोनमध्ये म्हणाली.